काशीबाईंनी दगड ठेवला होता

मे महिन्याच्या सुरुवातीला मी आमच्या इमारतीचे जिने चढायला लागलो. चार मजले, पाठीवरच्या पिशवीत आठ किलो तांदूळ आणि वेळ दुपारी चारची. या वेळी कल्याणातला शहाणा माणूस पंख्याखाली आडवा असतो. पहिल्या दिवशी दुसऱ्याच फेरीत तिसऱ्या मजल्यावर बसकण मारली. समोरच्या काकूंनी दार किलकिलं केलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आम्ही नाही हो मागवले तांदूळ."

बारा दिवसांत माझ्या दहा फेऱ्या व्हायला लागल्या. डोंगर चढायला पाय लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. उन्हाळ्यात चढायला घामाची सवय लागते, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्या डॉक्टरांनी "डोंगर? मे महिन्यात?" असं दोनदा विचारलं, रक्तदाब पाहिला आणि मग सांगितलं की शरीराला उन्हाची ओळख व्हायला दीड-दोन आठवडे द्या. रोज थोडं थोडं वाढवा, तहान लागायच्या आधी पाणी प्या आणि लघवी गडद पिवळी दिसली तर त्या दिवशी डोंगर विसरा. तेव्हापासून मी मोरीतून बाहेर आलो की बायको विचारायची, "काय, आहे का परवानगी?"

आमच्या ठाणे जिल्ह्याचा उन्हाळा देशावरच्यासारखा नाही. तिथलं ऊन भाजतं, इथलं शिजवतं. हवेतच इतकं पाणी असतं की अंगावरचा घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. माणूस आतून तापत जातो आणि वरून भिजलेला दिसतो, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

हे सगळं मी शिकत होतो याला निमित्त झालं. आमच्या भटक्यांच्या मंडळातल्या तरुण मुलांनी माझ्याकडे चार पानं लिहून मागितली होती. विषय, उन्हाळ्यातल्या चढाईची तयारी. जुना जाणता म्हणून. तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा ‘पाणी’ या मथळ्यापाशी अडलो. पुढे लिहिण्याआधी मला एका माणसाला काही सांगायला हवं होतं. त्याचं नाव धर्मा. वैशाखऱ्यापासून पाऊण तासाच्या चालीवर डोंगराला टेकून एक पाडा आहे, तिथला. अकरा वर्षांपूर्वी तो आमचा वाटाड्या होता आणि मी त्याला खोटं पाडलं होतं. हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही.

दोन हजार सहा सालच्या त्या मे महिन्यात, एका शुक्रवारी, मी निघालो.

सरळ मुरबाडच्या गाडीत बसलो असतो तर दुपारपर्यंत पोचलो असतो. पण मी आधी शहापूर गाठलं आणि तिथून भातसानगर, कारण धर्माच्या आधी सुधीरला सांगणं भाग होतं. सुधीर माझा कॉलेजपासूनचा मित्र, धरणावर नोकरीला. त्याच्या क्वार्टरपुढच्या झाडाखाली इतके आंबे पडले होते की गाडी लावायला जागा नव्हती. त्याची बायको वंदना दारातच म्हणाली, "जिने चढताय म्हणे! इथे आमच्या टाकीवर चढा, कोणी चढतच नाही साफ करायला."

संध्याकाळी आम्ही दोघं कॉलनीच्या कडेला छोट्या पुलाच्या कठड्यावर बसलो. समोर पाणीच पाणी. मी म्हणालो, "सुधीर, त्या वेळचं मडकं वानरांनी सांडलं नव्हतं." आणि सांगून टाकलं. तेच आता इथे सांगतो.

पंचाण्णव सालचा मे. आम्ही पाच जण, म्होरक्या मी. पहिली एसटी चुकली, त्यामुळे पाड्यातून पाय उचलायलाच साडेआठ झाले. धर्मा म्हणाला होता, "आज ऱ्हावा, उद्या पाटे निघू." मी ऐकलं नाही, सोमवारी कामावर जायचं होतं. तेव्हा तो म्हणाला, बरं, अर्ध्या चढावर कातळाखाली पाण्याचं मडकं आहे, वहिनीने काल सांजेला भरून ठेवलंय, तिथे बसू.

ही त्या पाड्याची रीत होती. उन्हाळ्यात करवंदांना आणि लाकूडफाट्याला वर जाणाऱ्यांसाठी कातळाच्या खोबणीत एक मडकं भरून ठेवायचं. तोंडावर जाड चपटा दगड ठेवायचा, म्हणजे वानरं सांडत नाहीत. भरायची पाळी घराघरांत फिरायची. त्या आठवड्यात ती धर्माच्या थोरल्या भावजयीची, काशीबाईंची होती. डोक्यावर पाणी घेऊन दीड तास चढायचं आणि कोण पिणार ते माहीत नसताना ठेवून यायचं.

त्या मडक्याच्या भरवशावर आम्ही प्रत्येकी एकच बाटली घेतली. वर माझा नियम होता की चढताना पाणी प्यायचं नाही, पोटात कळ येते. हा नियम मला कोणी शिकवला ते आठवत नाही, मी मात्र दहा वर्षं लोकांना शिकवत होतो.

मी सगळ्यांच्या पुढे होतो. म्होरक्याने पुढेच असावं अशी माझी समजूत होती. आदल्या दिवशी एका लग्नात उन्हात हिंडलो होतो, रात्री झोप झाली नव्हती, तयारी शून्य. कातळापाशी मी बाकीच्यांच्या वीसेक मिनिटं आधी पोचलो. दगड उचलला. ओंजळीने प्यायलो. मग मडकंच उचलून तोंडाला लावलं. मग मानेवर ओतलं, डोक्यावर ओतलं. भानावर आलो तेव्हा तळाशी तांब्याभर पाणी राहिलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट मी स्वतःला कधीतरी माफ केली असती. तहान होती, चूक झाली. पण तांब्याभर पाणी दाखवलं असतं तर बाकीचं कुठे गेलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी ते उरलेलं पाणी कातळावर ओतून दिलं, मडकं आडवं केलं, दगड बाजूला लोळवला आणि पुढच्या वळणावर जाऊन उभा राहिलो. वानरांनी केलं असं दिसावं म्हणून.

सुधीर कातळापाशी आला तेव्हा बडबडत होता. धर्माला ‘दिलीप’ म्हणत होता. दिलीप त्याचा भाऊ. मग एकदम गप्प झाला आणि बसल्या जागी कलंडला. अंगाला हात लावला तर तवा. धर्माने त्याला पाठीवर घेतलं आणि तसाच खाली पाड्यातल्या विहिरीवर आणलं. बायकांनी त्याच्यावर घागरीमागून घागर ओतली, सुपांनी वारा घातला. मग जीप, मग मुरबाडचा दवाखाना. चार दिवस. त्यानंतर सुधीरने डोंगराचं नाव काढलं नाही.

आणखी एक. रिकामं मडकं पाहून धर्मा माझ्यासमोर मान खाली घालून म्हणाला होता, "वयनी दगड ठेवायला इसरली, भाऊ." मी त्याला म्हणालो, "जाऊ दे, होतं असं." म्हणजे मी त्याला माफ केलं! पुढच्या महिन्याच्या मंडळाच्या पत्रकात लिहिलंसुद्धा की पाण्याच्या बाबतीत गावकऱ्यांच्या शब्दावर विसंबू नये.

मी बोलायचा थांबलो. सुधीरने पाण्याकडे बघत विचारलं, "कसं होतं?"

"काय?"

"पाणी. अकरा वर्षं मी त्या मडक्यातल्या पाण्याचा विचार करतोय. थंड होतं का?"

"थंडगार."

"हरामखोर," तो म्हणाला. उठून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "मीही येतो उद्या. कातळाच्या वर काय आहे ते मला बघायचंय. वंदनाला मी सांगीन, पण परत आल्यावर. आत्ता सांगितलं तर तुला जेवायला मिळणार नाही."

सुधीरला उन्हाची सवय होती. कामासाठी रोज कालव्याच्या कडेने पायी हिंडतो. तरी वंदनाने आमचं सामान परीक्षेच्या हॉलसारखं तपासलं. माणशी चार लिटर पाणी, बाटल्यांना ओल्या फडक्याची गुंडाळी. लिंबू, साखर, मीठ. सैल पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट. डोक्याला टोपी, गळ्याला पंचा. शेवटी तिने अट घातली. "सकाळी नऊला असाल तिथून मागे फिरायचं. शिखर पाच पावलांवर असलं तरी. आणि दुपारी बाराला मला वैशाखऱ्याहून फोन. साडेबारा झाले की मी माणसं पाठवणार."

"कोणाला पाठवशील?" सुधीरने विचारलं.

"मी स्वतः येईन. मग बघ."

शनिवारी शहापूरहून किन्हवलीची एसटी पकडली. खिडकीच्या सळईला हात लागला की चटका बसत होता. किन्हवलीच्या अलीकडे सुधीरची नवी कोरी टोपी खिडकीतून उडाली. कंडक्टरने बेल मारली नाही, उलट मागे वळून म्हणाला, "गेली ती गेली. कोनाच्या तरी बुजगावन्याला होईल." अख्खी गाडी हसली. शेजारच्या म्हाताऱ्याने चौकशी केली, "कुठं निघालात?"

"वैशाखऱ्याला. डोंगरावर जायचंय."

"मे म्हयन्यात?" म्हाताऱ्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घरी भांडान झाला काय?"

किन्हवलीच्या स्टँडवर पोहे खाल्ले, चहा टाळला, ताक प्यायलो. तिथून सरळगावची गाडी, सरळगावहून माळशेजच्या रस्त्याची. टोकावडं मागे पडलं आणि उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत अंगावर आली. मे महिन्यात तिला हिरवं काही नसतं. तापलेल्या पत्र्यासारखी धुरकट उभी असते. सुधीर खिडकीतून तिच्याकडे एकटक बघत होता आणि मी सुधीरकडे बघायचं टाळत होतो.

ऊन कलल्यावर पाड्याची वाट धरली. धर्मा अंगणात दोर वळत बसला होता. केस पांढरे झाले होते, बाकी तोच. मला त्याने लगेच ओळखलं, सुधीरला ओळखायला वेळ लागला. मग उठून त्याने सुधीरचे दोन्ही खांदे धरले. "हा जिता हाय!" तो घरात ओरडला. "अगो, भायेर ये! आपला आजारी मानूस आला!"

रात्री लवकर तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि कैरीची चटणी. धर्माची बायको आग्रह करत होती, सुधीर माझ्या मांडीला चिमटे काढत होता. सांग, सांग. मला बोलता आलं नाही. त्याच्या घरात त्याचं अन्न खाताना कसं सांगायचं? उद्या वर सांगू, असं ठरवलं. पुढे ढकलायचं म्हटलं तर सबबी मला नेहमीच चांगल्या सुचतात.

एक गोष्ट मात्र नजरेला आली. पूर्वी धर्माचं आणि त्याच्या भावाचं अंगण एक होतं. आता मधोमध काट्याकुट्यांचा कूड (कुंपण) होता. मी विचारलं नाही.

पहाटे चारला धर्माने उठवलं. त्याच्या बायकोने दोन जर्मनची भांडी पुढे केली. पेज (तांदळाची पातळ, मीठ घातलेली कांजी). "पिवून टाका सगली. ही पोटात असली का ऊन बाधत नाय." मिठाचं पाणी, पचायला हलकं अन्न, सगळं एका भांड्यात. माझ्या चार पानांच्या तयारीतली दोन पानं त्या बाईने चुलीवर उकळून दिली होती.

अंधारात बॅटऱ्या लावून चढायला लागलो. या वेळी धर्मा पुढे, सुधीर मध्ये आणि मी सगळ्यांत मागे, म्हणजे सुधीर माझ्या डोळ्यांसमोर. चालता चालता बोलता आलं पाहिजे, धाप लागून बोलणं तुटलं की थांबायचं, हा नियम. वीस-वीस मिनिटांनी चार घोट, तहान असो नसो. एकमेकांना उलटसुलट प्रश्न विचारायचे, उत्तर चुकलं की सावध व्हायचं.

"मेहुणीचं नाव काय?" मी विचारलं.

"कुठली? मला तीन आहेत," सुधीर म्हणाला. शुद्धीत होता.

धर्मा मागे वळून हसला. "तवा कसं पलत व्हतात, भाऊ. आता बैलावानी चाललात. वय झाला का अक्कल आली?"

"थोडं थोडं दोन्ही."

वारा बिलकूल नव्हता. शर्ट पाठीला चिकटला होता. पण डोकं हलकं होतं, पाय आपापलं काम करत होते. पूर्वेकडे उजाडत होतं, कुठेतरी रानकोंबडा ओरडत होता. मला त्या पहाटे चढायला मजा आली. हे लिहितानाही जरा लाज वाटते, पण आली.

साडेसहाला कातळ आला. खोबणीत मडकं नव्हतं. पाचोळा साचला होता. आम्ही बसलो, लिंबू पिळून मीठ-साखरेचं पाणी केलं. मी विचारलं, "मडकं ठेवत नाहीत आता?"

"नाय." धर्मा पाचोळ्याकडे बघत होता. "तुमच्या त्या येलंपासून बंद. मी त्या सांजेला वयनीला लय बोललो. सगल्या पाड्यासमोर. म्हनलो, तुझ्या आलसापायी मानूस मेला असता. ती म्हने, मी दगड ठेवला व्हता. म्हनलो, खोटं बोलू नको. तिनी परत तेच. मी दगड ठेवला व्हता. भाऊ तिच्या बाजूनी उठला. मग अंगनात कूड पडला. अकरा वर्सं झाली, भावाच्या उंबऱ्याला पाय लागला नाय माझा. बाया म्हनल्या, नको ते पानी न् नको ते नाव."

मला वाटलं होतं की मी एका वाटाड्याचा शब्द खोटा पाडला. घर फोडलं हे माहीत नव्हतं. सुधीरने माझ्याकडे पाहिलं नाही. तो बाटलीचं झाकण लावत होता, काढत होता.

"धर्मा," मी म्हणालो, "दगड होता. मी उचलला. पाणी मी संपवलं, आणि उरलेलं ओतून मडकं मी आडवं केलं."

तो उठला, खोबणीपाशी गेला, आत हात घातला. मडक्याचा घेर मोजावा तसा हात फिरवला. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "दगड कसा व्हता?"

"जाड. चपटा. मला दोन्ही हातांनी उचलावा लागला."

"दोनी हातांनी," तो म्हणाला. "चला खाली."

सुधीर म्हणाला, "अजून नऊ वाजायला—"

"डोंगर हितंच ऱ्हातो."

उतरताना धर्मा आमच्या बराच पुढे चालत होता, पण प्रत्येक अवघड जागी थांबून मागे बघत होता. सुधीरला हात देत होता. मला नाही. मी एकदा घसरून बुडावर आपटलो, तेव्हाही नाही.

आठच्या सुमाराला खाली आलो. कुडापलीकडे काशीबाई आंबोशी (कैरीच्या फोडी) उन्हात पसरत होत्या. वाळलेल्या, उंच, साठीच्या. धर्मा कुडापाशी थबकला. मी वळसा घालून अंगणात गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं. या वेळी काही मागे ठेवलं नाही. तांब्याभर पाण्याचंही सांगितलं.

त्यांनी हातातली फोड खाली ठेवली. "तांब्याभर ऱ्हायला व्हता?"

"हो."

"तो त्या आजारी मानसाच्या तोंडात घातला असता तर?"

"कदाचित शुद्धीवर राहिला असता."

"न् दगड?"

"तुम्ही ठेवला होता."

"मोट्यानी बोला."

"काशीबाई, दगड तुम्ही ठेवला होता."

त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. धर्मा कुडाच्या फटीपाशी उभा होता. पन्नाशीचा माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"वयनी," तो म्हणाला. "दगड व्हता."

"आता कलला? वर जायाला दीड तास लागतो. तुमाला अकरा वर्सं लागली, भावजी?"

धर्माने कुडाची एक काठी उपटली, मग दुसरी. "ऱ्हावा," काशीबाई म्हणाल्या, "कोंबड्या घुसतील आंबोशीत. सांजेला काढा." आणि माझ्याकडे वळल्या. मी हात जोडायला लागलो होतो.

"ते माफीबिफी ठेवा तुमच्याजवल. भावजी बोलले ते सगल्या पाड्यानी आयकला. तुमी मला एकटीला काय सांगता? चला."

पाड्यात आणखी नऊ घरं. काशीबाईंनी मला दारोदार नेलं. पुढे त्या, मागे मी, माझ्या मागे सुधीर. प्रत्येक ओटीवर त्या म्हणायच्या, "आयका गो, हे भाऊ काय सांगतात," आणि पदर खोचून बाजूला उभ्या राहायच्या. पहिल्या घरी माझा आवाज फुटेना. त्या म्हणाल्या, "आतल्या सूनला आयकू नाय गेला, परत सांगा." दुसऱ्या घरी एका बाईने मध्येच विचारलं, "एवढा मोटा मडका एकल्यानी पिला? पोट हाय का तलाव?" तिसऱ्या घरी एक म्हातारा बोलला काहीच नाही, नुसता बघत राहिला. ते सगळ्यांत वाईट गेलं. आणि प्रत्येक घरी, सांगून झाल्यावर, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या यायचा. कोणी टोमणा म्हणून दिला नाही. उन्हातून आलेल्याला द्यायचं असतं म्हणून दिला. मला तो पूर्ण प्यावा लागला. चौथ्या घरानंतर सुधीर माझ्या कानाशी म्हणाला, "आज तुझी लघवी अगदी पांढरीशुभ्र."

सात घरं झाली. दोन घरांना कुलूप होतं, माणसं लग्नाला गेली होती.

"दोन ऱ्हायली," काशीबाई म्हणाल्या. "ती कवा करता?"

"पुढच्या रविवारी येतो."

"या. नाय आलात तरी मला काय. मी दगड ठेवला व्हता." हे त्या सवयीने बोलून गेल्या असाव्यात. मग त्यांच्या लक्षात आलं की आता ते बोलायची गरज नाही, आणि त्या एकदम हसल्या. तोंडाला पदर लावून, पोरीसारख्या.

बाराला वैशाखऱ्याहून वंदनाला फोन केला. "वर पोचलात?" तिने विचारलं. सुधीर म्हणाला, "नाही. पण अर्ध्या वाटेवर जे व्हायचं होतं ते झालं." तिने विचारलं, म्हणजे काय. तो म्हणाला, घरी आल्यावर सांगतो. मी त्या वेळी रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो होतो. वंदना माझ्याशी पुढे दिवाळीपर्यंत बोलली नाही, ते योग्यच होतं.

रविवारी मी एकटाच गेलो. दोन्ही भावांच्या अंगणात आता कूड नव्हता. धर्मा घरी नव्हता, की मुद्दाम बाहेर गेला होता, ते मी विचारलं नाही. काशीबाई बरोबर आल्या. आठवं घर पटकन झालं. नवव्या घरात एक म्हातारी एकटीच, कानाने ठार बहिरी. मी सांगितलं, तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. शेवटी तिच्या कानाशी वाकून, पोटापासून ओरडलो, "आजी, मडकं मी रिकामं केलं! दगड काशीबाईंनी ठेवला होता!"

ओटीखालची कोंबडी फडफडत पळाली. दोन घरं पलीकडून कोणीतरी हसलं. म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवला, मी कोण ते चाचपावं तसा.

"काशी खोटा बोलत नाय, ते मला तवाच ठाव व्हता," ती म्हणाली. "कोन ते तेवढा ठाव नव्हता. बस."

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. सुधीरची अकरा वर्षं, त्या अंगणाची अकरा वर्षं, ती काही माझ्या ओरडण्याने भरून येत नाहीत. धर्माने मला अजून हात दिलेला नाही, आणि तो देईलच असंही नाही. पण बायको विचारेल, आज कुठे गेला होतास, तेव्हा तिला काय सांगायचं हे मला जुळवावं लागणार नव्हतं. टोकावडं गेलं, सरळगाव गेलं. मी खिशातून कागद काढला आणि ‘पाणी’ या मथळ्याखाली, गाडीच्या धक्क्यांनी वाकड्यातिकड्या झालेल्या अक्षरात, पंचाण्णव सालच्या मे महिन्यात मी काय केलं ते नावानिशी लिहायला सुरुवात केली. मुरबाड येईपर्यंत पान भरलं होतं.